तालमीतून जुजुत्सूत आलोय, पाठीवर पडलं की हलताच येईना गेलंय. घरी काय करावं?

परभणीचा_गडी

रामराम मंडळी. वय २९, वजन ८४, गाव परभणी जिल्ह्यात, सध्या कामामुळं संभाजीनगरला राहायलोय. पाचवीपासून बारावीपर्यंत गावच्या तालमीत होतो, रेवड्यांवरच्या कुस्तीपासून सुरू करून जत्रेत हजारापर्यंतच्या कुस्त्या मारल्यात, मग नोकरी, लग्न, पोट, सगळं क्रमानं आलं. आता दोन महिने झाले एका ब्राझिलियन जुजुत्सूच्या, म्हणजे जमिनीवर गळा नाहीतर हात धरून हार मानायला लावायच्या खेळाच्या, क्लासला जायलोय, आठवड्यातून तीनदा.

अडचण अशी की रोलिंगच्या, म्हणजे सरावाच्या लढतीच्या, आधी वॉर्म-अपमधेच इज्जत जायलीय. मॅटच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत श्रिम्पिंग करत, म्हणजे पाठीवर पडून कंबर मागं फेकत सरकत, जायचं असतंय. कॉलेजची पोरं सपासप जातेत, एक बारावीतली पोरगी हाय ती जाऊन परत येती आणि मी अजून मधातच, चिखलात रुतलेल्या ट्रॅक्टरवानी, चाक फिरायलंय पण गाडी जाग्यावर. जोर बैठका काढलेलं अंग हाय राव, ताकद कमी नाही, पण दहा वेळा केलं की दम लागतोय आणि सरकलो किती तर एक हात.

दुसरी अडचण जास्त मोठी. उभ्यानं मी पट काढतो, खाली घेतो, तिथपर्यंत आपलंच राज्य. पण कुणी मला पाठीवर आणलं की डोकं काही म्हणायच्या आधी अंग पोटावर पलटी मारतंय. सातआठ वर्षं वस्तादांनी हेच भरवलंय की पाठ लागली की संपलं. आणि इथं पोटावर गेलं की मागून पाय घालून गळा धरतेत. मागच्या गुरुवारी पाच मिनिटांत चार वेळा थाप मारली, म्हणजे हार मानली, ते बी ६२ किलोच्या पोराला, आणि तो वरून म्हणायलाय, भैया, रिलॅक्स.

घरी रोज पंधरावीस मिनिटं काढू शकतो. हॉलमधे शहाबादी फरशी हाय, त्याच्यावर गोधडी टाकतो. पार्टनर कुणी नाही, बायकोला विचारलं तर म्हणली एवढं लोळायचंच होतं तर गावाकडं वावर काय कमी होतं.

---

उगंच_आपलं

पयलं तर ह्या डावाला श्रिम्प कामून म्हणतेत ते सांगा कुणीतरी. आपल्या अख्ख्या मराठवाड्याला समुद्र नाही, झिंगा कसा सरकतो हे आपल्याला काय घंटा माहीत. गोगलगाय म्हणले असते तर सोयाबीनवाल्या सगळ्यायला एका मिनिटात कळलं असतं 😀

---

बीडकर_पुण्यात

@परभणीचा_गडी भाऊ, तुझी पोस्ट वाचून मला माझे पहिले सहा महिने आठवले. मी कुस्तीतला नाही, कबड्डीतला, पण ट्रॅक्टर तोच. आता ब्लू बेल्ट आहे, पांढऱ्याच्या पुढचा पट्टा, म्हणजे फार काही येतं असं नाही, पण श्रिम्प कुठं अडकतो हे चांगलं माहितीय कारण माझा सगळीकडं अडकला होता.

तू ढकलायलास पण उचलत नाहीस. मी न बघता सांगतो, पैज लाव. ८४ किलोची कंबर फरशीला घासत न्यायची म्हणजे दम लागणारच, तिथं कुणाचाही लागेल. ती पोरगी घासत नाही, उचलून ठेवते, एवढाच फरक.

आज घरी असं कर. पाठीवर झोप, गुडघे वर, टाचा ढुंगणाजवळ, इतक्या जवळ की हात सरळ केला तर बोटं टाचेला लागली पाहिजेत. आता डावा पाय सोडून दे, फक्त उजव्या पायावर जोर देऊन ढुंगण चार बोटं वर उचल आणि डाव्या खांद्यावर वळ. इथं थांब. पुढं जायची घाई करू नको, नुसतं थांब आणि बघ वजन कुठं आहे. दोनच जागी पाहिजे, उजव्या पायाचा तळवा आणि डावा खांदा, मधलं सगळं हवेत. हे जाणवलं की मग ढुंगण मागं फेक, म्हणजे तू डाव्या कुशीवर आहेस तर ते उजवीकडं जाईल, आणि दोन्ही हात आत्ता जिथं तुझं पोट होतं तिकडं कुणाला तरी लोटल्यासारखे. शेवटी अंग मधात मोडलेलं दिसलं पाहिजे, विळ्यासारखं, बोटं पायाच्या अंगठ्याकडं. मग परत सरळ हो आणि दुसरी बाजू.

दुसरी चूक, जी तुला दिसणार नाही कारण सरकल्यासारखं वाटतं, ती म्हणजे पाय सरळ करत अंग डोक्याकडं ढकलणं. त्यानं तू मॅटच्या त्या टोकाला पोचशील पण शिकशील काहीच नाही, कारण वर बसलेला माणूसही तुझ्याबरोबर सरकत येतो. कंबर बाजूला गेली पाहिजे. तुझ्याकडं शहाबादी फरशी आहे ना, मग मोजपट्टी आयतीच आहे, फरशीचा जोड बरोबर कंबरेखाली येईल असं झोप आणि एका श्रिम्पमधे कंबर त्या जोडावरून किती लांब गेली ते बघ. माझी पहिल्यांदा चार इंच गेली होती, रडू आलं.

आणि गोधडी काढ आधी. तिच्यावर पाय रोवला की गोधडीच मागं पळते, त्यात तुझी काय चूक. लहान लेकरांची ती एबीसीडीवाली फोमची जोडायची मॅट मिळते ना, आठदहा तुकडे आण, बास. मोजे घालू नको.

हे कशासाठी करायलोय ते डोक्यात ठेव नाहीतर नुसता व्यायाम होतो. कुणी साइड कंट्रोलला तुझ्या छातीवर आडवा पडलाय, त्याला तू उचलून फेकू शकत नाहीस, म्हणून तू स्वतः खालून निघतोस, कंबर मागं गेली की मधे फट पडते आणि त्या फटीत खालचा गुडघा घालायचा. म्हणून घरी प्रत्येक श्रिम्पच्या शेवटी खालचा गुडघा छातीकडं ओढ. सरांनी सांगितलं नसलं तरी ओढ. एका बाजूला पाच, दुसऱ्या बाजूला पाच, एकदम हळू. तीस तीस मारू नको, थकल्यावरचे सगळे चुकीचे होतात आणि तेच अंगात बसतं.

---

मातीतला_माणूस

काही नवीन नाही यात, सगळं आपल्या मल्लविद्येतून उचललेलं आहे, नाव बदलून आपल्यालाच विकायलेत आणि आपण महिन्याला दोन हजार देऊन शिकायलो.

---

परभणीचा_गडी

@मातीतला_माणूस काका आपल्या कुस्तीत पाठीवर पडून कुणी जिंकलेलं मी तरी बघितलं नाही. एवढं येगळं हाय म्हणून तर मला येईना गेलंय.

---

बीडकर_पुण्यात

@मातीतला_माणूस वाद घालत नाही, पण ह्याचा रस्ता जरा वेगळा आहे. जपानमधे जिगोरो कानोनं जुन्या जुजुत्सूतून ज्युदो काढलं, त्याची शाळा कोडोकान १८८२ ची. त्यातला मित्सुयो माएदा १९१४ मधे ब्राझीलला पोचला, पुढं त्याच्याकडून कार्लोस ग्रेसी शिकला, त्याच्या घरानं, म्हणजे भाऊ हेलियो वगैरे, जमिनीवरच्या भागावरच जोर दिला. हेलियो अंगानं बारीक होता, त्यामुळं खालून कसं लढायचं ह्यावर त्याचं सगळं डोकं. १९५१ मधे रिओत मासाहिको किमुरानं त्याला हात पिरगाळून हरवलं तर त्या डावालाच ह्यांनी किमुरा नाव दिलं. ज्यानं आपल्याला हरवलं त्याचं नाव डावाला द्यायचं, हे मला लई आवडतं. आपल्याकडं असं केलं असतं तर तालमीत भांडणं लागली असती.

---

नांदेडची_ज्युदोवाली

मी ज्युदोतली, जिल्हा आणि विभागापर्यंत खेळले, आता जुजुत्सू शिकतेय. श्रिम्पचं वर चांगलं सांगितलंय, मी दुसरंच सांगते जे कुणी विचारत नाही आणि ज्यानं हात मोडतात.

दादा, तुम्हाला पडता येतं का? हसू नका. मातीत पडायची सवय वेगळी, माती सोसून घेते. मॅटवर मागं जाताना माणूस आपोआप हात मागं टेकवतो, तळवा खाली आणि कोपर सरळ, सगळं अंगाचं वजन मनगटावर. मी दोन मुलींचं मनगट असंच गेलेलं बघितलंय, दोघी चांगल्या धट्ट्याकट्ट्या. म्हणून पहिलं काम मागचं ब्रेकफॉल, म्हणजे न लागता मागं पडणं. उकिडवं बसा, हनुवटी छातीला चिकटवा, नजर स्वतःच्या पट्ट्याच्या गाठीवर, आणि पाठ गोल करून मागं लोळा. पाठ टेकायच्या क्षणाला दोन्ही हात, नुसता तळवा नाही, कोपरापासून बोटापर्यंत सगळा हात, अंगापासून थोडा बाजूला जमिनीवर आपटायचा. आमचे सर म्हणायचे भाकरी थापल्यासारखा आवाज आला पाहिजे. आवाज फुटका आला म्हणजे हात वाकडा पडला. डोकं जमिनीला लागता कामा नये, लागलं की समजा हनुवटी सुटली. फोमची मॅट आल्यावरच करा हं, शहाबादीवर नको.

मग पुढची कोलांटी. शाळेतली डोक्यावरून सरळ जाणारी नाही, ती विसरा. इथं एका खांद्यावरून तिरपं दुसऱ्या बाजूच्या कंबरेपर्यंत जायचं. उजवा हात आतल्या बाजूला घालून डाव्या गुडघ्याकडं बघायचं आणि ढकलायचं. पहिल्यांदा गुडघ्यावर बसूनच करा, उभ्यानं नंतर. मान दुखली तर लगेच थांबा, मान दुखली म्हणजे चुकतंय.

आणि माझं सगळ्यात आवडतं, टेक्निकल स्टँड-अप. खाली बसलेले आहात, उजवा हात मागं टेकलेला, डावा पाय समोर रोवलेला, डावा हात तोंडासमोर. आता त्या उजव्या हातावर आणि डाव्या पायावर कंबर उचलायची आणि उजवा पाय मधल्या फटीतून मागं नेऊन ठेवायचा, मग उभं. हात शेवटी सोडायचा. समोरच्यावरची नजर हटू द्यायची नाही. सोपं वाटतं पण बहुतेकांचा पाय मागं पुरेसा जात नाही, गुडघा टेकतो, आणि मग लाथ बसते. मी हे घरात भाजी निवडून उठताना पण करते, सासूबाईंनी आता विचारणं सोडलंय.

---

निलंगा_तालीम

पोरा, ५८ वय आहे माझं. रामलिंग मुदगडच्या हरिश्चंद्र बिराजदार पैलवानांच्या कुस्त्या बघत मोठा झालेला माणूस आहे मी. पोरगा हे तुझं जुजुत्सू खेळतो म्हणून मी त्याच्या क्लासला जाऊन बसतो, पहिले दोन महिने मलाही राग यायचा. पाठ टेकलेला माणूस हसतोय आणि वरचा घाबरलाय, हे काय चाललंय म्हणायचो.

तुला एक सांगतो. आपल्या मातीत पोटावर जाणं ही चूक नाही. खाली गेलेल्याला उलटवायला वरच्याला घिस्सा मारावा लागतो, हप्ता भरावा लागतो, असले डाव लावावे लागतात, कष्ट आहेत, आणि गळा दाबला तर पंच हाकलून देतो. म्हणून आपण पोटावर जाऊन दम खातो. तिथं गळ्याला परवानगी आहे. एवढा एकच नियम बदलला की सगळं उलटं होतं. तुझ्या वस्तादांनी खोटं शिकवलं नाही, त्या नियमाला ते बरोबरच होतं.

पोराला मी आता काय सांगतो तर छातीवर कुणी असेल तर त्याच्याकडं वळ, त्याच्यापासून पळू नको. आपली खोड पळायची आहे, पळताना पाठ दिसते.

---

बीडकर_पुण्यात

वरचं काकांचं वाक्य प्रिंट काढून क्लासमधे लावतो. त्यात गुणांचं पण बघ. आयबीजेजेएफच्या, म्हणजे ह्या खेळाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या, नियमात तू पट काढून पाडलंस तर २, समोरच्याचे पाय ओलांडून बाजूला आलास म्हणजे गार्ड पास केला तर ३, आणि माउंटला, म्हणजे पोटाछातीवर मांड टाकून बसलं की ४, मागून पाय घालून समोरच्याची पाठ धरली की ४. म्हणजे तू पोटावर पलटी मारून पाठ देतोस तेव्हा समोरच्याला सगळ्यात महाग माल फुकट देतोस. उलट पाठीवर पडून पाय मधे ठेवलेस, म्हणजे गार्ड धरलास, तर पाडल्याचे २ सोडून त्याला पुढं काहीच मिळत नाही जोपर्यंत तो तुझे पाय ओलांडत नाही. इथं पाठ टेकली की चितपट नाही, पाय ओलांडले की खरी अडचण सुरू.

क्लासमधे त्या ६२ किलोच्या पोरालाच पकड आणि म्हण, दोन मिनिटं तू माझ्यावर साइड कंट्रोलला, आणि मी काहीही झालं तरी पोटावर जाणार नाही. कोपरं बरगडीला चिकटून, एक कोपराखालचा हात त्याच्या मानेपाशी, दुसरा त्याच्या कंबरेपाशी, हात सरळ करून ढकलायचं नाही, नुसतं खांबासारखं ठेवायचं. दोन मिनिटं फक्त जिवंत राहायचं. सुटला नाहीस तरी चालतं. असं आठदहा क्लास केलं की अंगाला पटतं की पाठीवर पडून मरत नाही माणूस.

ब्रिजचं, म्हणजे पाठीवरून कंबर वर उसळवायचं, तुला सोपं जाईल, तालमीत मानेवरचा पूल केला असशील. फक्त इथं मानेवर जायचं नाही, एका खांद्यावर तिरपं जायचं आणि त्याच खांद्यावरून मागं बघायचं. वर माउंटला बसलेल्याचा एका बाजूचा हात आणि त्याच बाजूचा पाय अडकवायचा आणि त्या बाजूला ब्रिज. हात न अडकवता ब्रिज मारला तर तो हात टेकवतो आणि तू परत जिथल्या तिथं. तुझी ताकद इथं कामाला येईल बघ, कुस्तीवाल्यांचा ब्रिज लई वाईट असतो, मी खाल्लाय.

---

जालना_रोड

थाप मारायला लाजू नको एवढंच म्हणतो, बाकी मोठ्यांनी सांगितलंच. मी सुरुवातीला आर्मबारमधे, म्हणजे कोपर उलटं ताणायच्या डावात, अडकलो आणि दात खाऊन बसलो, म्हणलं बघू किती ओढतो. समोरचा नवीन होता, त्याला पण कळलं नाही. कोपरात कट असा आवाज आला. साडेतीन आठवडे मोटरसायकलचा क्लच दाबता येईना, बायकोच्या स्कूटीवर मागं बसून ऑफिसला, सगळी कॉलनी बघायची. हात सरळ व्हायला लागला की थाप, दुखायची वाट बघायची नाही. तोंडानं म्हणलं तरी चालतं, हात अडकलेले असले तर पायानं आपट.

नखं काप. आणि घरी गेल्या गेल्या अंघोळ, आमच्या इथं एकाचा गजकर्ण सहा जणांना झाला होता, नंतर कुणीच कबूल करेना पहिला कोण.

---

उगंच_आपलं

अंघोळीचं म्हणता हो पण आमच्याकडं नळाला आठ दिवसाला पाणी. तो गी, म्हणजे जुजुत्सूचा पोशाख, दोन किलोचा कपडा, धुवायला दोन बकेट, पिळायला दोन माणसं. बोअरच्या खाऱ्या पाण्यात धुतला की वाळल्यावर पापडावानी उभा राहतो, एकदा दारात टेकवला होता तर शेजारच्या मावशी म्हणल्या पाहुणे बाहेर कामून उभे केलेत.

---

नांदेडची_ज्युदोवाली

@उगंच_आपलं 😂 शेवटच्या पाण्यात थोडं व्हिनेगर टाका, जरा मऊ राहतो. आणि गरम पाणी नको, सुती गी आटतो, माझी बाही मनगटाच्या चार बोटं वर गेलीय, आता स्पर्धेत मापाला उभं राहायची सोय राहिली नाही.

---

परभणीचा_गडी

सगळ्यायला धन्यवाद. बारा दिवस झाले, म्हणलं सांगावं.

फोमची मॅट आणली, नऊ तुकडे. ए फॉर ॲपल वर डोकं आणि आय फॉर आइसक्रीम वर पाय असं झोपतो. गोधडीचंच निम्मं दुखणं होतं राव, मी उगाच स्वतःला शिव्या घालत होतो. उचलून थांबायचं जे सांगितलं ते पहिल्या दिवशी दहा सेकंद पण जमलं नाही, उजवी मांडी थरथरायली, तेव्हा कळलं की मी आजपर्यंत उचलतच नव्हतो. आता फरशीच्या जोडावरून डावीकडं वळून एक वीत आणि वर चार बोटं एवढी कंबर जाती. उजवीकडं वळलं की अजून निम्मंच, त्या बाजूचा खांदा बारावीत एका कुस्तीत उतरला होता, तिकडं वजन टाकायला अंग भेतंय.

ज्युदोवाल्या ताई, भाकरी थापल्याचा आवाज अजून नाही, फक्त डबा पडल्याचा येतो. खालच्या मजल्यावरचे काका वर येऊन बघून गेले.

आणि काल त्या ६२ वाल्याला दोन मिनिटं वर घेतलं. पोटावर जायचं नाही असं त्याला सांगून ठेवलं होतं, तरी दोनदा अंग निघालंच होतं, तो वरून ओरडला भैया इधर, इधर, आणि मी त्याच्याकडं वळलो. सुटलो नाही. गुडघा आत गेला पण, अर्धा, मग घंटी झाली.

निलंग्याच्या काका, एक विचारायचंय. त्या उतरलेल्या खांद्यावर ब्रिज करू का नको? क्लासमधे विचारलं तर म्हणले हळू कर, पण हळू म्हणजे किती हे कुणी सांगेना.

---

निलंगा_तालीम

किती वर्षं झाली उतरून? त्यानंतर परत कधी उतरला होता का? हात डोक्याच्या मागं नेला की निसटल्यासारखं वाटतं का, ते आधी सांग. वाटत असेल तर ब्रिज सध्या डाव्या बाजूनंच कर आणि हाडाच्या डॉक्टरला दाखव, मालिशवाल्याला नाही.

---

परभणीचा_गडी

अकरा वर्षं झाली. परत उतरला नाही. पण हात मागं नेला की वाटतंय, हो. बुधवारी दाखवतो.